ओदेतचा हात आणि माझा सोक्का

मंगळवार, १८ एप्रिल

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मित्रांनी मला ही जाडजूड वही दिली. बस चालवत होतो तेव्हा रोजचा अहवाल सगळ्यांत लांबलचक मीच लिहायचो, म्हणून. गेल्या वर्षभरात या वहीत फक्त हवामान आहे. आज पहिल्यांदाच काहीतरी घडलेलं लिहितो आहे, आणि तेही वाईट.

काल सोमवार होता. सोमवारी नीसच्या फुलबाजारात जुन्या वस्तूवाले बसतात, त्यामुळे आमचा सोक्क्याचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाच्या पोळीचा, ठेला बंद असतो. सुट्टी म्हणून माझी बायको ओदेत भट्टीचं धुराडं साफ करायला स्टुलावर चढली. स्टूल मी धरलं होतं. गल्लीतून बारालिस चाललेला दिसला. बाजारात आमच्या समोरच त्याचा ठेला आहे, कांद्याची पाई विकतो. त्याला हात करायला मला एक हात लागला. तो स्टुलावरचा होता.

स्टुलाला काही झालं नाही. ओदेतचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे.

आज स्वयंपाकघरात बैठक भरली. ओदेत, सासूबाई, आणि ओदेतची मैत्रीण झेली, जी बाजारात मासे विकते. प्रश्न एकच: ऐन हंगामात ठेला बंद ठेवायचा का?

"माझा नवरा गेला त्या दिवशीसुद्धा मी दुपारी ठेला उघडला होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याच आईने सुरू केलेल्या या भट्टीबद्दल बोलताना त्यांचा आवाज नेहमी चढतो. "एका मनगटासाठी बंद?"

"मग करणार कोण, आई? तू?"

"मी करतो," मी म्हणालो.

मग झेलीला हसू आलं. ते एवढं आलं की तिने टेबल धरलं.

"आयुष्यभर तो बसमधून सोक्क्याचा वास घेत गेलाय," ती म्हणाली. "तेवढाच त्याचा अनुभव."

"मी रोज खाल्लाय," मी म्हणालो. "आणि हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. चार गोष्टी आहेत. बसला किती पार्ट असतात माहीत आहे का?"

ओदेतने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "कर."

तिच्या डोळ्यांत विश्वास होता. किंवा औषधाची गुंगी असेल.

बुधवार, १९ एप्रिल

पहिला दिवस. एकंदरीत यशस्वी.

पीठ भिजवताना थोड्या गाठी राहिल्या, पण त्याने खाण्यात विविधता येते. पहिली तांब्याची परात भट्टीत सारली आणि बाहेर काढली, तर एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला सूप. मधला तळहाताएवढा भाग उत्तम होता. तो मी नमुना म्हणून स्वतः खाल्ला.

आमचा नेहमीचा म्हातारा नळवाला आला. उलथण्याने खरवडून त्याला कागदात दिलं. त्याने ते बोटाने दाबून पाहिलं.

"ओनोरे, हे खायचं की गळक्या पाइपाला लावायचं?"

"तुमची मर्जी."

त्याने खिशात घातलं.

मग एक नॉर्वेजियन जोडपं आलं. अतिशय सभ्य माणसं. एकेक घास खाल्ला, दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि उरलेला सोक्का कागदात नीट बांधून घेऊन गेले. हॉटेलवर निवांत खाणार असतील असं वाटलं. नंतर कारंज्याजवळच्या कचरापेटीत तसाच कागद दिसला. म्हणजे धीर धरवला नसेल, वाटेतच संपवला.

शनिवार, २२ एप्रिल

लाल छत्रीवाली गाइडबाई रोज पर्यटकांचा घोळका घेऊन ओदेतच्या ठेल्यापाशी थांबायची. "नीसमध्ये येऊन सोक्का खाल्ला नाही तर आलातच कशाला?" असं म्हणायची. आज म्हणाली, "हा सोक्क्याचा ठेला. फोटो काढा." आणि सगळ्यांना खायला समोर बारालिसकडे घेऊन गेली.

फोटोत मी चांगला आलो असणार. नवा ॲप्रन होता.

बारालिस माणूस वाईट नाही. दुपारी स्वतःच्या पाईचा तुकडा घेऊन आला. कांदा लोण्यासारखा शिजलेला, वर खारवलेली मासळी, काळी ऑलिव्ह. "खा," म्हणाला. "तू स्वतःचं केलेलं खाऊन किती दिवस काढणार?" त्याच्या बोलण्यात काळजी होती. मला ती आवडली नाही.

घरी ओदेतला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओनोरे, परात आधी तेल घालून रिकामीच भट्टीत तापव. कडकडीत. मग पीठ ओत."

"बघतो," म्हटलं. हात मोडलेल्या माणसाशी वाद घालू नये.

मंगळवार, २ मे

बाजारात टिकायचं तर काहीतरी नवीन द्यावं लागतं. आज मी सोक्क्यावर किसलेलं चीज घातलं.

सासूबाई रोज ठेल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण वास पूर्ण येतो. त्या उठल्या. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना काठीशिवाय उठताना पाहिलं नव्हतं.

"काय आहे ते?"

"चीज, आई. लोकांना आवडतं."

"लोकांना खूप काही आवडतं. ते सगळं आपण बाजारात करत नाही."

त्यांनी परात माझ्या हातातून घेतली आणि सबंधच्या सबंध गटारात रिकामी केली. झेलीच्या ठेल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. भोपळ्याच्या फुलांची भजी तळणारी बाईसुद्धा झारा वर धरून बघत होती. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत. ठेल्यावर बरीच शांतता आहे. गिऱ्हाइकं नसल्यामुळे ती जास्तच जाणवते.

आज पहिल्यांदा भीती वाटली. ही भट्टी दुसऱ्या महायुद्धातसुद्धा चालू होती म्हणतात. मी ती बंद पाडली तर या घरात मला जागा कुठे? ओदेत काहीच बोलत नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १२ मे

आज मी एक शोध लावला!

सकाळी परातीत तेल घातलं आणि नळवाल्याशी बोलत उभा राहिलो. बोलण्याच्या नादात परात तशीच रिकामी भट्टीत राहिली. लक्षात आलं तेव्हा तेलातून धूर निघत होता. पीठ वाया जाऊ नये म्हणून घाईघाईने तसंच ओतलं. असा काही आवाज आला! कडेने लगेच जाळी धरली. भट्टीच्या तोंडाशी वाकून बसलो. बस वळवताना मागचं चाक कुठे आहे ते जसं न बघता कळतं, तसं आतून कळलं की आता परात फिरवायची. फिरवली. बाहेर काढली तेव्हा वर सोन्यासारखे फोड, कडा कुरकुरीत, आत मऊ.

वर मिरी टाकून नळवाल्याला दिला. त्याने खाल्ला. बोटं चाटली. कागद पुन्हा पुढे केला.

सासूबाईंनी न बोलता हात पुढे केला. त्यांनाही दिला. त्यांनी चावला, समुद्राकडे पाहिलं, आणि दहा दिवसांनी पहिला शब्द बोलल्या:

"मीठ."

कमी की जास्त, ते सांगितलं नाही.

घरी जाऊन ओदेतला सांगितलं, "परात आधी रिकामी तापवायची! हे मी शोधून काढलं!"

"खरंच?" ती म्हणाली. "कसं काय सुचलं रे तुला?"

"अनुभव," मी म्हणालो.

ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. हात दुखत असणार.

रविवार, २८ मे

प्लास्टर निघून आठवडा झाला. आता काढता-घालता येणारी पट्टी आहे, आणि हात गळ्यात अडकवायची झोळी. मी विचारलं, "मग ठेल्यावर कधीपासून?" ती म्हणाली, "अजून ताकद कुठे आहे? रोज दुपारी व्यायाम करायला सांगितलाय. ल्युदोविक म्हणून आहे, तो करून घेतो."

घाई नाही. माझे सोक्के आता बरे जातात. बारालिसची रांग थोडी आखूड झाली आहे, माझी थोडी लांब.

व्यायाम कडक असावा. ओदेत परत येते ती थकून, केस ओले. घाम येतो म्हणते. जेवते तर बंदरातल्या हमालासारखी. काल मासळीचं सगळं भांडं तिने एकटीने पुसून घेतलं, आणि मग मी ठेवलेल्या पावाकडे वळली.

बुधवार, ७ जून

आज ठेल्यावर एक माणूस आला. पस्तिशीचा, उन्हात रापलेला, दरवाजाएवढा रुंद. त्याने दोन कागद सोक्का घेतला, उभ्याउभ्या संपवला आणि म्हणाला, "तुम्हीच मादाम ओदेतचे यजमान? मी ल्युदोविक."

मी उलथणं खाली ठेवून हात मिळवला.

"काय खांदे आहेत हो तुमच्या बायकोचे!" तो म्हणाला. "या वयात असे खांदे मी पाहिले नाहीत. आणि श्वास! एकदा लय सापडली की थांबायचं नावच घेत नाहीत."

झेली एकदम मोठ्याने खोकायला लागली. "ल्युदोविक, तुझी मासळी तयार आहे! ये लवकर!" त्याने मासळी सांगितल्याचं मला तरी दिसलं नव्हतं.

इतक्या वर्षांत मी ओदेतच्या खांद्यांकडे कधी वेगळं लक्ष दिलं नव्हतं. आज जेवताना पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

शुक्रवार, ९ जून

काही गोष्टी जुळत नाहीत. अहवालात जशा लिहायचो तशा लिहून काढतो.

ओदेत गुणगुणते. पूर्वी गुणगुणायची नाही.

बाथरूममध्ये एक पिवळी रबरी टोपी वाळत होती. विचारलं तर म्हणाली, केस भिजू नयेत म्हणून घालते. पण केस तर रोज ओलेच असतात.

काल झोळी डाव्या हाताला होती. मी म्हटलं, "अगं, उजवा मोडला होता ना?" ती म्हणाली, "कळ सरकते. डॉक्टर म्हणाले, असं होतं." मी झेलीला विचारलं, कळ सरकते का? ती म्हणाली, "हो, माझी तर एकदा गुडघ्यातून थेट भावजयीकडे गेली होती." या बाईला कुठल्याच गोष्टीचं गांभीर्य नाही.

आणि शेवटची नोंद. आज ओदेतच्या मानेवर ओठ टेकले तर खारट लागली.

सोमवार, १२ जून

सुट्टी होती. दुपारी ओदेत निघाल्यावर मी मागोमाग गेलो. बसच्या ड्रायव्हरला पाठलाग जमत नाही, प्रत्येक स्टॉपवर पाय आपोआप थांबतात. बंदराच्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

पुढे खडकांवरून खाली पाहिलं तर ल्युदोविक! पाण्याच्या कडेला उभा, हातात टॉवेल. त्याच्या पायाशी ओदेतची झोळी! मी ते निळं कापड ओळखलं. पण ओदेत कुठेच नाही. बहुतेक मागच्या इमारतीत असावी, पाठीवर तेल चोळून घ्यायला वगैरे. पाण्यात पाच-सहा बायका पोहत होत्या. त्यांतली एक पिवळ्या टोपीची बाई इतकं सुंदर पोहत होती की मी माझं दुःख विसरून बघत राहिलो. लांब, शांत हात, जराही खळबळ नाही. हिचा नवरा सुखी असेल, असं मनात आलं. आणि मग अगदीच भरून आलं.

मंगळवार, १३ जून

सासूबाईंना विचारलं. त्या आमच्याच घरात राहतात, त्यांना माहीत असणारच.

"आई, ओदेत दुपारी कुठे जाते ते तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी काठीवर दोन्ही हात टेकले. "कळलं म्हणायचं तुला."

"पाहिलं मी. काल. त्याच्यासोबत."

"मग बरंच झालं." त्यांनी सुस्कारा टाकला. "हे बघ जावईबापू, अठराव्या वर्षीच तिचं सगळं ठरलं होतं. मीच आडवी आले. म्हटलं, उन्हाळ्यात ठेला कोण बघणार? पोरगी रडली आणि राहिली. मग तू भेटलास."

"आणि आता?"

"आता तिला करू दे. एकदाच तर करायचंय. मी मरायच्या आत ते माझ्या डोळ्यांनी बघणार आहे."

"तुम्ही बघणार आहात?"

"सगळा बाजार येणार आहे."

नळवाला कागद पुढे करून उभा होता, त्याला मी दोनदा मिरी टाकली.

तिच्या अठराव्या वर्षी तो ल्युदोविक जन्मलाही नसणार. या मुद्द्यावर मी अजून विचार करतो आहे.

शनिवार, १७ जून

मी लढायचं ठरवलं आहे. नवा शर्ट घेतला. मिशी काळी केली. ओदेतने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून रडेपर्यंत हसली. मग उठली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "वेड्या," म्हणाली. तिचा स्पर्श तोच होता. मला काहीच कळेनासं झालं आहे.

बाजारात मात्र चमत्कार चालू आहे. रागात भाजतो म्हणून की काय, परातीमागून परात अशी निघते आहे की रांग फुलवाल्यांपर्यंत जाते. लाल छत्रीवाली परत आली. "आता फोटो नंतर," पर्यटकांना म्हणाली, "आधी खा." बारालिसनेही मान डोलावली. ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो आला, आणि मला त्याचं काडीचं अप्रूप नाही.

बुधवार, २१ जून

ल्युदोविक आला! वर तोंड करून आला.

"मिस्यो ओनोरे, येत्या रविवारी आमच्या क्लबचा मोठा कार्यक्रम आहे. बंदरापलीकडच्या किनाऱ्यावर. भुकेली माणसं असतील, भरपूर सोक्का लागेल. मादाम ओदेत म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोणी नको."

"ती असणार आहे तिथे?"

"म्हणजे काय! त्यांच्यासाठी तर सगळं."

मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "येतो." सगळ्या बाजारासमोर जे सांगायचं ते तिथेच सांगणार आहे. सोक्का मात्र उत्तम करणार. आपल्यामुळे भट्टीचं नाव जाता कामा नये.

रविवार, २५ जून

सावकाश, क्रमाने लिहितो.

ओदेत सकाळी लवकरच गेली होती. मी गरम पराती तीनचाकी सायकलीवर लादल्या, वर झाकणं ठेवली, आणि बंदराला वळसा घालून किनाऱ्यावर पोचलो. खरोखरच सगळा बाजार हजर होता. सासूबाई खडीवर खुर्ची टाकून, डोक्यावर बारालिसची टोपी. झेलीने मासे विकायचे सोडून गळ्यात शिट्टी अडकवलेली. नळवाला दुर्बीण घेऊन. सगळे माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, किती निर्लज्ज असावं माणसांनी.

ल्युदोविक पाण्याच्या कडेला होता. मी सरळ त्याच्याकडे गेलो आणि त्याच्या बनियनचा गळा धरला. धरण्यासाठी थोडं चवड्यांवर उभं राहावं लागलं.

"माझी बायको कुठे आहे?"

"अहो, सोडा! येतीये!"

"कुठून येतीये?"

"टेकडीपलीकडच्या व्हिलफ्रांशहून!"

"कुठल्या बसने?"

हे मी का विचारलं माहीत नाही. ल्युदोविकने समुद्राकडे बोट केलं. टेकडीच्या टोकाला वळसा घालून पाण्यावर लहान लहान टोप्या येत होत्या. लाल, पांढऱ्या, आणि त्यांच्यामागे एक पिवळी. लांब, शांत हात, जराही खळबळ नाही.

मी बनियन सोडला.

खूप वेळाने ती उथळ पाण्यात उभी राहिली. पाय लटपटत होते, ओठ निळे, चेहऱ्यावर चष्म्याचे वळ. झेली शिट्टी फुंकत होती. सासूबाई काठी हवेत धरून ओरडत होत्या, "हेच पोहणं मी अठराव्या वर्षी अडवलं होतं!" मी शर्ट, पँट, बूट यांच्यासकट पाण्यात शिरलो, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे:

"ओदेत! तुझा हात!"

"बरा आहे रे," ती दात वाजवत म्हणाली. "महिना झाला बरा होऊन."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या हातात उलथणं दिलं असतंस."

"मुळीच नाही!"

कोणीही माझी बाजू घेतली नाही. मीही थोडा वेळ थांबून पाहिलं.

मग ती पाण्यातच माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. आम्हाला असं बघून ल्युदोविक म्हणाला की लोक भुकेले आहेत. मी ओल्या बुटांनी सगळ्यांना सोक्का वाढला. ल्युदोविकलासुद्धा, मधला भाग.

मंगळवार, २७ जून

राग आला आहे. रविवारी यायला हवा होता, पण गर्दी होती, म्हणून आज आला. सगळ्या बाजाराला माहीत होतं. पाव देणाऱ्यालाही माहीत होतं. लाल छत्रीवाली तर म्हणे पर्यटकांना सांगायची, "आणि यांची बायको यांना न सांगता पोहते." म्हणजे ही गोष्ट जपानपर्यंत गेली असणार.

ओदेतशी बोलत नाही. ती सकाळी ठेल्यावर आली, ॲप्रन बांधला, माझ्यापुढे हात केला आणि म्हणाली, "दे."

तिने उलथणं मागितलं होतं. मी ते छातीशी धरलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझा ठेला आहे. हात बरा आहे. तू घरी जा, वहीत हवामान लिही."

"रांग दिसते का तुला? ही लोकं कोणासाठी उभी आहेत?"

"पहिल्यांदा ती माझ्यासाठी उभी असायची. तू घालवलीस आणि परत आणलीस. त्यात तुझं काय कौतुक?"

"थोडंसं आहे," मी म्हणालो.

"ओनोरे, दे."

"नाही देत. सकाळचा सोक्का माझा. तू जा पोहायला. इथे भट्टीच्या वाटेत उभी राहू नकोस, परात गरम आहे."

हे मी एवढ्या मोठ्याने बोललो की बारालिसने सुरी खाली ठेवली. ओदेत माझ्याकडे पाहत राहिली. तिला हसायचं आहे की रडायचं, ते समजेना, तिलाही समजत नसावं. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "शनिवार-रविवार ती करेल. गर्दीच्या दिवशी तुझा भरवसा नाही." नळवाल्याने याला अनुमोदन दिलं.

असं ठरलं. राग अजून आहे, पण आता तो धरून ठेवायला हात मोकळा नाही.

सोमवार, ३ जुलै

त्या रविवारी मी बुटांसकट पाण्यात का थांबलो होतो, कमरेच्या पुढे का गेलो नाही, हे ओदेतने हेरलं होतं. काल रात्री जेवताना विचारलं. मला कबूल करावं लागलं. जन्म नीसमधला, खिडकीतून समुद्र दिसतो, आणि पोहता येत नाही. लग्नाआधी तिला सांगितलं नव्हतं, नंतर विषय निघाला नाही. कारण उन्हाळ्यात ती ठेल्यावर असायची आणि मी बसमध्ये.

"चल," ती आज म्हणाली. सोमवार होता, काही सबब नव्हती.

खडीवर सासूबाई, झेली, ल्युदोविक. मला मोठी अर्धी चड्डी दिली होती, ती ल्युदोविकची असल्यामुळे एका हाताने धरावी लागत होती. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा मी परत फिरलो. ओदेतने दंड धरला.

"उताणा पड. मी खालून धरते."

"सोडशील."

"ओनोरे, तू भट्टीजवळ आलास तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं? कर, म्हटलं होतं. आता तू कर."

पडलो. तिचे दोन्ही तळवे पाठीखाली होते. कानांत पाणी गेलं आणि सगळे आवाज थांबले, सासूबाईंचासुद्धा. वर नुसतं आभाळ. मी डोळे मिटले. घाबरू नये म्हणून तिच्याशी बोलत राहिलो. म्हटलं, लाकडं देणारा हल्ली ओली लाकडं देतो, त्याला एकदा बोलायला पाहिजे. म्हटलं, सोक्क्याच्या कडा मला आवडतात पण मी गिऱ्हाइकांना देतो, हे तुला माहीत नसेल. म्हटलं, तुला पिवळ्या टोपीत पहिल्यांदा पोहताना पाहिलं ना, तेव्हा तू आहेस हे कळायच्या आधीच मला तू आवडली होतीस. एवढं सगळं मी घरात कधी बोललो नसतो. ती काहीच बोलेना. मला वाटलं, भरून आलं असेल तिला.

डोळे उघडून पाहिलं तर ओदेत लांब, खडकांपाशी, दोन्ही हात हवेत उंच धरून मला दाखवत होती.

पाठीखाली कोणीच नव्हतं. किती वेळ नव्हतं, कोण जाणे. मी तरंगत होतो.

हे लक्षात आलं आणि लगेच बुडालो.